‘हॅव’ कुठे, ‘हॅविंग’ कुठे आणि ‘हॅड’ कुठे नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या एका मुलीची मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीत मुलाखत आहे. ‘आय ॲम हॅविंग अ ब्रदर’ हे वाक्य चूक आहे असं तिला क्लासमध्ये सांगितलं. मग ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर कसं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. ‘हॅव हॅड’ ही छपाईची चूक असते की खरंच तसं लिहितात? ‘आय हॅड गॉन’ कधी म्हणायचं? आणि ‘हॅव’चे एकूण अर्थ किती?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अर्थ मोजत बसू नका. मोठ्या शब्दकोशात ‘हॅव’खाली दोन-तीन डझन अर्थ सहज सापडतील आणि ते पाठ केले तरी बोलताना एकही आठवणार नाही. त्याऐवजी ‘हॅव’च्या पुढे काय आलंय ते बघायची सवय लावा. पुढे नुसतं नाम असेल तर ‘हॅव’ हे वाक्यातलं मुख्य क्रियापद असतं. पुढे ‘टू’ आणि क्रियापद असेल तर ती सक्ती. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे ‘गॉन’, ‘सीन’, ‘डन’ वगैरे, असेल तर ‘हॅव’ नुसतं सहायक. आणि पुढे आधी नाम, मग तिसरं रूप आलं तर काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं असतं. बहुतेक वाक्यं या चार खोक्यांत बसतात.

मराठी माणसाला हा शब्द जड का जातो, तेही पाहून घेऊ. मराठीत ‘हॅव’साठी क्रियापदच नाही. आपण ‘असणे’वर भागवतो आणि अर्थाचा फरक विभक्तीवर किंवा शब्दयोगी अव्ययावर सोडतो. मला एक भाऊ आहे. माझ्याकडे गाडी आहे. माझं मानेवाड्याला घर आहे. या घराला दोन दारं आहेत. तिच्यात हिंमत आहे. मला ताप आहे. माझा सोमवारी पेपर आहे. मला, माझ्याकडे, माझं, घराला, तिच्यात, ही सगळी रूपं वेगळी, आणि इंग्रजीत या सातही वाक्यांत एकच ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. शिवाय मराठीत क्रियापद वस्तूच्या मागे जातं (‘मला दोन बहिणी आहेत’), इंग्रजीत ते मालकाच्या मागे जातं. म्हणून ‘माय वन ब्रदर इज देअर’ अशी वाक्यं तयार होतात. तो मराठी सांगाडाच असतो, वर फक्त इंग्रजी शब्द चिकटवलेले. वाक्य बनवताना ‘कोणाचं?’ हा प्रश्न आधी विचारा, जे उत्तर येईल ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, मग ‘हॅव’ लावा. घराची दोन दारं असतील तर ‘द हाउस हॅज’ अशी सुरुवात होईल. पेपर माझा असेल तर ‘आय हॅव ॲन एक्झाम ऑन मंडे’.

‘हॅज’ फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि एका माणसाच्या किंवा वस्तूच्या नावासोबत, हे सगळ्यांना माहीत असतं. गोची दोन ठिकाणी होते. ‘डझ’, ‘डिड’, ‘विल’, ‘शुड’, ‘मे’ यांपैकी काही आधी आलं की ‘हॅज’ आणि ‘हॅड’ संपले, मूळ ‘हॅव’ परत येतं. ‘डझ शी हॅज अ बाइक?’ चूक, ‘डझ शी हॅव अ बाइक?’ बरोबर. दुसरं, ‘एव्हरीवन’ आणि ‘एव्हरीबडी’ यांचा अर्थ ‘सगळे’ असला तरी इंग्रजी त्यांना एकवचनी धरते, म्हणून ‘एव्हरीवन हॅज’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’लाही ‘हॅज’च, कारण ‘हॅज’ त्या एकाला लागतं, मित्रांच्या घोळक्याला नाही.

आता ‘हॅविंग’. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला इथे व्याकरणाचा नियम सांगावा लागतो: स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना ‘इंग’ लागत नाही, कृती दाखवणाऱ्यांना लागतं. नागपूरकराला तो नियम पाठ करायची गरज नाही, कारण त्याच्या बोलीतच कसोटी तयार आहे. आपण ‘मी जेवतोय’ म्हणत नाही, ‘जेवून राहिलो’ म्हणतो. आता ‘मले एक भाऊ असून राहिला’ म्हणून पाहा. इतवारीपासून हिंगण्यापर्यंत कोणी असं बोलणार नाही, कानालाच खटकतं. ‘माझ्याकडे गाडी असून राहिली’ हेही नाही. जिथे ‘असून राहिलो’ जमत नाही, तिथे ‘हॅविंग’ जमत नाही: ‘आय हॅव अ ब्रदर’, ‘आय हॅव अ कार’. ‘जेवून राहिलो’ जमतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’. ‘मीटिंग होऊन राहिली’ जमतं, म्हणून ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’. ‘लॉगिन करायला त्रास होऊन राहिला’ जमतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग ट्रबल लॉगिंग इन’.

एका ठिकाणी ही कसोटी फसवते, ते म्हणजे दुखणी. ‘ताप येऊन राहिला’, ‘डोकं दुखून राहिलं’ हे आपण सर्रास म्हणतो, पण इंग्रजीत आजार हा जवळ असलेल्या वस्तूसारखा धरतात: ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव अ हेडेक’. आणि ‘शी इज हॅविंग अ बेबी’ या वाक्याचा अर्थ तिला मूल आहे असा नाही, तिला मूल होणार आहे असा होतो. मावसबहिणीला तीन वर्षांची मुलगी आहे हे सांगायचं असेल तर ‘शी हॅज अ डॉटर’. नाहीतर समोरचा अभिनंदन करून मोकळा होईल.

याच कसोटीवर ‘नो’, ‘वाँट’, ‘नीड’, ‘ओन’, ‘बिलाँग’ हीसुद्धा तपासता येतात. ‘मले माहीत असून राहिलं’ होत नाही, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ होत नाही. भारतात ‘आय ॲम हॅविंग’ इतकं चालतं की अर्थ सगळ्यांना कळतो, त्यामुळे रोजच्या गप्पांत कोणी अडवत नाही. पण परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर मुलाखत घेणाऱ्याचा कान नेमका इथेच थांबतो, कारण ही चूक ओळख करून देतानाच, पहिल्या अर्ध्या मिनिटात येते.

नाम पुढे असलं म्हणजे नेहमी मालकीच असते असं नाही. ‘हॅव ब्रेकफास्ट’, ‘हॅव टी’, ‘हॅव अ बाथ’, ‘हॅव अ लुक’, ‘हॅव अ सीट’, ‘हॅव अ रेस्ट’ यांत ‘हॅव’ला स्वतःचा अर्थ जवळजवळ उरत नाही. करणे, घेणे, खाणे, पिणे, जे लागेल ते. आपल्याकडे इथे ‘टेक’ घुसतं: ‘डिड यू टेक युअर लंच?’, ‘टेक टी’. चहा आपण ‘घेतो’, त्याचा हा परिणाम. बोलण्यात ‘हॅव यू हॅड लंच?’ आणि ‘विल यू हॅव सम टी?’ असं म्हणा. अंघोळीला ब्रिटिश ‘हॅव अ बाथ’ म्हणतात, अमेरिकन ‘टेक अ बाथ’, दोन्ही चालतं. गोळ्या-औषधांना मात्र ‘टेक’च.

‘अ’ कुठे लावायचा, याकडे लक्ष द्या. जेवणांच्या नावांना तो लागत नाही: ‘हॅव लंच’, ‘हॅव डिनर’. पण जेवणाला विशेषण जोडलं की ‘अ’ येतो: ‘वी हॅड अ लेट लंच’. ‘टी’सारखी न मोजता येणारी नामं सोडली तर बाकीच्यांना तो हवाच, ‘हॅव बाथ’ किंवा ‘हॅव लुक’ हे अर्धवट वाटतं. एका ‘अ’ने अर्थ कसा फिरतो ते पाहा. ‘आय हॅड अ वर्ड विथ द मॅनेजर’ म्हणजे मॅनेजरशी दोन शब्द बोललो. ‘आय हॅड वर्ड्स विथ द मॅनेजर’ म्हणजे खडाजंगी झाली. ऑफिसच्या ईमेलमध्ये पहिलं लिहायच्या जागी दुसरं लिहू नका.

मागायलाही ‘हॅव’ उपयोगी पडतं. ‘गिव्ह मी अ ग्लास ऑफ वॉटर’ला ‘प्लीज’ जोडलं तरी ते हुकमासारखंच ऐकू येतं. मराठीत ‘जरा पाणी द्या ना’मधला ‘ना’ जे काम करतो, ते इंग्रजीत ‘कुड आय हॅव’ करतं: ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ फोनवर नाव विचारायचं तर ‘व्हॉट इज युअर नेम?’ऐवजी ‘मे आय हॅव युअर नेम, प्लीज?’ कॉल सेंटरच्या कामात हे वाक्य दिवसभर लागेल. हॉटेलात ऑर्डर देताना ‘आय वाँट’पेक्षा ‘आय विल हॅव द सावजी चिकन’ बरं, त्यात ‘मी हे घेईन’ एवढाच साधा भाव आहे.

आता सक्तीचं ‘हॅव टू’. पुस्तकात हे ‘मस्ट’सोबत शिकवतात. माझ्या मते मराठी माणसाने ते ‘लागणे’सोबत शिकावं, कारण दोघांची जोडी फार चांगली जमते. जावं लागतं (किंवा आपल्या भाषेत ‘जा लागते’) म्हणजे ‘आय हॅव टू गो’. जावं लागलं, ‘आय हॅड टू गो’. जावं लागेल, ‘आय विल हॅव टू गो’. जावं लागत नाही, ‘आय डोन्ट हॅव टू गो’. जावं लागतं का, ‘डू आय हॅव टू गो?’ इतका सरळ हिशोब इंग्रजी शिकताना क्वचितच मिळतो.

घोटाळा होतो तो ‘जायचं आहे’ने. ‘मला बर्डीला जायचंय’ यात इच्छाही असू शकते आणि नाइलाजही, मराठीत ते संदर्भावर सोडून दिलेलं आहे. इंग्रजीला ते आधी ठरवून हवं. इच्छा असेल तर ‘वाँट टू’, नाइलाज असेल तर ‘हॅव टू’. भूतकाळात तर चूक महागात पडते. ‘मला त्या दिवशी ऑफिसला जायचं होतं’ याचं ‘आय हॅड टू गो’ केलंत तर ऐकणारा समजतो की तुम्ही गेलात, नाइलाजाने का होईना. तुम्हाला म्हणायचं असतं की बेत होता, पण जाणं झालं नाही. तिथे ‘आय वॉज सपोज्ड टू गो’ किंवा ‘आय वाँटेड टू गो’ हवं.

नकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ पूर्ण वेगळ्या वाटांनी जातात. ‘यू डोन्ट हॅव टू वेअर अ टाय’ म्हणजे टाय घालायची गरज नाही, घातला तरी चालेल. ‘यू मस्टन्ट वेअर अ टाय’ म्हणजे टायला मनाई. कारखान्यात यंत्राजवळ सैल कपडे किंवा ओढणी चालत नाही, तिथे ‘मस्ट नॉट’ लिहितात, कारण तो सुरक्षेचा प्रश्न असतो. ‘डोन्ट हॅव टू’ लिहिलं तर कामगार स्वतःच ठरवेल.

उच्चाराचं एक सांगून पुढे जातो. सक्तीच्या ‘हॅव टू’चा उच्चार ‘हॅफ्टू’ होतो, ‘हॅज टू’चा ‘हॅस्टू’. पुढच्या कठोर ‘ट’मुळे आधीचा मृदू ध्वनी कठोर होतो. म्हणून इंग्रजी बातम्यांत किंवा फोनवर ‘हॅफ्टू’ ऐकलं की ते ‘हाफ टू’ नाही, सक्तीचं वाक्य आहे हे ओळखा. सहायक ‘हॅव’ तर आणखी आक्रसतं: ‘शुड हॅव’ बोलण्यात ‘शुडव्ह’ होतं. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे असे लोकही यामुळे ‘शुड ऑफ’ असं चुकीचं लिहितात. तुम्ही लिहू नका.

तिसरं खोकं, ‘हॅव’ आणि तिसरं रूप. याची मराठी बहीण आहे: ‘मी जेवलो आहे’, ‘ती गेली आहे’. साम्य इतकं की लोक डोळे मिटून भाषांतर करतात आणि ‘काल’पाशी अडखळतात. ‘मी कालच फॉर्म भरला आहे’ हे मराठीत बिनचूक. ‘आय हॅव फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे’ हे इंग्रजीत चूक. ‘हॅव’चं हे रूप भूतकाळातली गोष्ट वर्तमानाला बांधतं, म्हणून त्याच वाक्यात ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘2022 मध्ये’, ‘दहा वाजता’ अशी संपून गेलेली वेळ आली की इंग्रजी तो बंध तोडते आणि साधा भूतकाळ मागते: ‘आय फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे’. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’, ‘एव्हर’, ‘धिस वीक’ यांना मात्र ‘हॅव’ आनंदाने सोबत घेतं. ‘धिस’ आणि ‘लास्ट’ हे दोन शब्द यात चांगले पहारेकरी आहेत: ‘धिस मंथ’ अजून संपलेला नाही, ‘लास्ट मंथ’ संपला.

उलटी चूकही तितकीच होते. ‘मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो’ यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून लोक ‘आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स टेन इयर्स’ म्हणतात. यात दोन चुका आहेत. जे मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, त्याला इंग्रजीत ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव लिव्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. आणि मराठीतला एक ‘पासून’ इंग्रजीत दोन ठिकाणी वाटला जातो. मोजलेला कालावधी असेल तर ‘फॉर’ (फॉर टेन इयर्स), सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’ (सिन्स 2015). ‘पासून’च्या आधी जे आलंय त्यावर कॅलेंडरमध्ये बोट ठेवता येतं का ते बघा. येत असेल तर ‘सिन्स’.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांतला फरक एकदाच नीट समजून घ्या. ‘ही हॅज गॉन टू वर्धा’ म्हणजे तो वर्ध्याला गेलाय, अजून तिकडेच किंवा वाटेत आहे. ‘ही हॅज बीन टू वर्धा’ म्हणजे तो वर्ध्याला जाऊन आलाय. ‘तू ताडोब्याला गेला आहेस का कधी?’ असं समोर बसलेल्या माणसाला विचारताना ‘हॅव यू एव्हर बीन टू ताडोबा?’ हवं. ‘हॅव यू गॉन?’ विचारलंत तर तो तुमच्यासमोर बसलाच कसा?

‘हॅव हॅड’ ही छपाईची चूक नाही. ‘हॅव’चं तिसरं रूप ‘हॅड’, म्हणून पहिलं सहायक आणि दुसरं मुख्य: ‘आय हॅव हॅड माय लंच’, म्हणजे माझं जेवण झालंय. ‘हॅड हॅड’ही त्याच न्यायाने बरोबर: ‘ही हॅड हॅड हिज लंच बिफोर वी रीच्ड’. कानाला विचित्र वाटलं तर पहिलं आखडून घ्या, ‘आय’व्ह हॅड’, ‘ही’ड हॅड’. बोलणारे तसंच बोलतात.

आता ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, ती: गरज नसलेलं ‘हॅड’. ‘काल मी इतवारीत गेलो होतो’ हे मराठीत अगदी सहज वाक्य. ‘गेलो’ऐवजी ‘गेलो होतो’ म्हणून आपण एवढंच सुचवतो की ते झालं, संपलं, मी परतही आलो. त्याचं सरळ ‘आय हॅड गॉन टू इतवारी यस्टरडे’ होतं, आणि ऐकणारा इंग्रज पुढच्या भागाची वाट बघत राहतो. कारण इंग्रजीत ‘हॅड’ आणि तिसरं रूप ही जोडी दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधारानेच उभी राहते. भूतकाळात दोन गोष्टी झाल्या आणि त्यातली आधीची कोणती हे दाखवायचं, एवढंच तिचं काम. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द विदर्भ एक्स्प्रेस हॅड लेफ्ट’: आम्ही पोचलो ही नंतरची गोष्ट, गाडी सुटली ही आधीची. एकच घटना असेल तर ‘आय वेंट टू इतवारी यस्टरडे’, विषय संपला. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘हॅड’वर बोट ठेवा आणि विचारा: कशाच्या आधी? उत्तर वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात सापडलं नाही तर ‘हॅड’ खोडा. ऑफिसच्या ईमेलमधलं ‘आय हॅड सेंट यू द फाइल’ याच जातीचं. फाइल काल पाठवली असेल तर ‘आय सेंट यू द फाइल यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल आणि फाइल आता त्यांच्याकडे असेल तर ‘आय हॅव सेंट यू द फाइल’.

इथे मुलाखतीतली ओळख एकदा जवळून पाहू. साधारण अशी तयार करून आणलेली असते: ‘आय ॲम हॅविंग वन ब्रदर. आय ॲम स्टेइंग इन नागपूर सिन्स टेन इयर्स. आय हॅड डन बी.कॉम. इन 2022. आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरियन्स. आय हॅव जॉइन्ड अ फर्म इन बुटीबोरी लास्ट इयर.’ पाच वाक्यं, आणि पाचांतही चूक ‘हॅव’भोवतीच. दुरुस्त केल्यावर: ‘आय हॅव वन ब्रदर. आय हॅव लिव्ड इन नागपूर फॉर टेन इयर्स. आय डिड माय बी.कॉम. इन 2022. आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स इन अकाउंट्स. आय जॉइन्ड अ फर्म इन बुटीबोरी लास्ट इयर.’ दुसऱ्या वाक्यात ‘स्टे’चं ‘लिव्ह’ केलंय, कारण ‘स्टे’ हा चार दिवसांचा मुक्काम. तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यातून ‘हॅड’ आणि ‘हॅव’ काढून टाकले, कारण ‘2022’ आणि ‘लास्ट इयर’ या संपलेल्या वेळा. भावाबद्दल मुलाखतीत सांगायची गरज आहे का, हा वेगळा प्रश्न. माझं मत, विचारल्याशिवाय नाही.

चौथं खोकं आपल्याकडे शिकवायचंच राहून जातं. ‘मी कूलर दुरुस्त केला’ असं आपण मेकॅनिक बोलावला तरी म्हणतो. इंग्रजीत ‘आय रिपेअर्ड द कूलर’ म्हणजे पाना हातात घेऊन तुम्ही स्वतः मोटर उघडलीत. करून घेतला असेल तर ‘आय हॅड द कूलर रिपेअर्ड’. आधी वस्तू, मग तिसरं रूप. क्रम चुकला तर अर्थच उलटतो: ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे सलूनमध्ये केस कापून घेतले. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे (त्याआधीच) मी स्वतःचे केस स्वतः कापले होते. मराठीत ‘-ऊन घेतलं’ म्हणता येत असेल तिथे हीच रचना: ‘आय मस्ट हॅव द कूलर पॅड्स चेंज्ड बिफोर एप्रिल’, ‘वी आर हॅविंग द हाउस पेंटेड’. इथे ‘हॅविंग’ चालतं हे लक्षात आलं असेलच. घर रंगवून घेऊन राहिलो.

माणसाचा उल्लेख करायचा तर पुढे मूळ रूप येतं, ‘टू’ येत नाही: ‘आय हॅड द मेकॅनिक चेक द पंप’. हेच ‘गेट’ने म्हटलं तर ‘टू’ लागतं: ‘आय गॉट द मेकॅनिक टू चेक द पंप’. ‘हॅव’मध्ये सांगितलं आणि झालं असा भाव असतो, ‘गेट’मध्ये थोडी मनधरणी किंवा पाठपुरावा. मे महिन्यातल्या नागपुरात कूलरवाल्याच्या बाबतीत ‘गेट’च बहुधा खरं ठरतं.

याच सांगाड्यात एक उलटा प्रकार आहे. ‘ही हॅड हिज फोन स्टोलन इन सीताबर्डी’ याचा अर्थ त्याने फोन चोरवून घेतला असा नाही, त्याचा फोन चोरीला गेला असा आहे. रचना तीच, पण कोणी स्वतःहून चोरी करवून घेत नाही, एवढ्यावरून अर्थ ठरतो. पोलीस तक्रार इंग्रजीत लिहायची वेळ आली तर ‘माय फोन वॉज स्टोलन’ लिहा. सरळ आणि संशयाला जागा नाही.

चार खोक्यांबाहेर उरलेलं भराभर घेतो. ‘हॅव गॉट’ ही बोलण्यातली मालकी, ती वर्तमानातच वापरा: ‘हॅव यू गॉट अ पेन?’ किंवा ‘डू यू हॅव अ पेन?’, पण ‘डू यू हॅव गॉट’ नाही. भूतकाळात ‘हॅड गॉट’ न करता नुसतं ‘हॅड’. जुन्या पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन?’ दिसेल. चूक नाही, पण आता कोणी तसं बोलत नाही.

‘हॅड बेटर’मध्ये ‘हॅड’ असलं तरी भूतकाळ नाही. पुढे मूळ रूप येतं, ‘टू’ नाही. ‘यू’ड बेटर कॅरी वॉटर’, पाणी सोबत घे, नाहीतर त्रास होईल. त्या ‘नाहीतर’मुळे त्यात हलकी धमकी असते. मित्राला, धाकट्या भावाला चालतं. साहेबांना ‘यू हॅड बेटर साइन टुडे’ म्हणालात तर सही होईल, पण नजर बदलेल. तिथे ‘इट वुड हेल्प इफ यू कुड साइन टुडे’ म्हणा.

‘शुड हॅव’, ‘मस्ट हॅव’, ‘कुड हॅव’, ‘वुड हॅव’ यांना मराठीचा आधार पुरतो. सांगायला हवं होतं, ‘शुड हॅव टोल्ड’. सांगितलं असणार, ‘मस्ट हॅव टोल्ड’. सांगता आलं असतं, ‘कुड हॅव टोल्ड’. सांगितलं असतं, ‘वुड हॅव टोल्ड’. मात्र जर-तरच्या वाक्यात मराठी दोन्हीकडे ‘असतं’ लावते (‘मला माहीत असतं तर मी आलो असतो’), इंग्रजी लिहिताना ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ लावत नाही: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’.

आखडलेली रूपं ऐकताना गोंधळ होतो, कारण ‘ही’ज’ म्हणजे ‘ही इज’ही आणि ‘ही हॅज’ही. तसंच ‘आय’ड’ म्हणजे ‘आय हॅड’ किंवा ‘आय वुड’. पुढचा शब्द ऐका. ‘आय’ड गो’मध्ये मूळ रूप आहे, म्हणून ‘वुड’. ‘आय’ड गॉन’मध्ये तिसरं, म्हणून ‘हॅड’. ‘ही’ज बीन’ असेल तर ‘हॅज’च.

वाक्प्रचारांत निदान ऐकून ओळखावेत असे थोडे. ‘आय हॅव हॅड इट’, म्हणजे पुरे झालं, वैतागलो. ‘धिस मोटर हॅज हॅड इट’, मोटर कामातून गेली. ‘यू हॅव बीन हॅड’, तुम्हाला फसवलं. ‘रूमर हॅज इट’, लोक म्हणतात. ‘आय हॅव नथिंग टू डू विथ इट’ म्हणजे माझा त्याच्याशी संबंध नाही, इथे ‘टू’ असूनही सक्ती नाही, कारण ‘हॅव’च्या लगेच पुढे ‘नथिंग’ आलंय. ‘हॅव्ज अँड हॅव-नॉट्स’ मात्र मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. आपल्या चळवळींच्या लिखाणाने ते ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ म्हणून कधीच घरचं करून टाकलंय, आणि तिथेही ‘हॅव’च्या जागी ‘आहे’च बसलंय.

अर्जांपुरतं: ‘आय हॅव द ऑनर टू स्टेट’ अशी सुरुवात जुन्या सरकारी नमुन्यांतून येते. आता नोकरीच्या ईमेलमध्ये ती काढून टाका आणि थेट ‘आय ॲम राइटिंग टू अप्लाय फॉर’ने सुरू करा. जाहिरातीत ‘कँडिडेट्स हॅविंग एक्स्पीरियन्स’ असतं, ते व्याकरणाने चालतं. तुम्ही लिहिताना ‘विथ एक्स्पीरियन्स’ जास्त सुटसुटीत. आणि फाइल जोडल्यावर ‘आय हॅव अटॅच्ड माय सीव्ही’ हे बरोबर, कारण कोणतीही संपलेली वेळ त्यात नाही. फक्त पाठवण्याआधी फाइल खरंच जोडली आहे का ते बघून घ्या.